न झोपणारे बुद्धिबळपटू

दोस्तांनो, तुम्ही हे वाचताय ना, तेव्हासुद्धा जगात बुद्धिबळाचे कितीतरी असे डाव रंगलेत, ज्यांत पटाच्या दोन्ही बाजूंना माणूसच नाही! पांढरी मोहरी एका प्रोग्रामकडे, काळी दुसऱ्याकडे. इंटरनेटवर ते रात्रंदिवस एकमेकांना भिडतात. आणि ते लिहिणारे हौशी लोक? ते खुशाल झोपलेले किंवा कामावर गेलेले असतात. मग एवढा उद्योग कशासाठी?

आधी हे प्रोग्राम खेळतात कसे ते बघू. खेळी शोधणाऱ्या प्रोग्रामला म्हणतात ‘इंजिन’. त्याला ना डोळे, ना हात. डाव चालवणारा दुसराच एक प्रोग्राम असतो. तो विचारतो, ‘इज रेडी?’ इंजिन उत्तर देतं, ‘रेडी ओके.’ मग तो आतापर्यंतच्या खेळ्या ओळीने पाठवतो: ई२ई४, ई७ई५. म्हणजे ई२ घरातलं पांढरं प्यादं ई४ वर आलं, ई७ मधलं काळं ई५ वर. पुढे फक्त ‘गो’! इंजिन विचार करतं आणि कळवतं, ‘बेस्ट मूव्ह जी१एफ३.’ घोडा उडाला! संवादाची ही पद्धत २००० साली ठरली आणि तिने मोठंच काम केलं. कुणीही, कुठेही, कुठल्याही संगणकीय भाषेत लिहिलेलं इंजिन दुसऱ्या कुणाच्याही इंजिनाशी खेळू लागलं.

आता खरी गंमत. समजा, तुम्ही इंजिन लिहिलंत. एके दिवशी वाटलं, कुणाची बाजू वरचढ आहे हे जोखताना इंजिनाने ज्याच्याकडे दोन्ही उंट शाबूत आहेत त्याला थोडे जास्त गुण द्यावेत. कल्पना छान आहे, पण त्याने खेळ सुधारला की बिघडला? नुसता विचार करून हे कळत नाही. पांढऱ्याला पहिली खेळी वीस प्रकारे करता येते. काळ्याने उत्तर दिलं की डावाला ४०० वाटा फुटतात. दोघांच्या आणखी एकेक खेळीनंतर? १,९७,२८१! एवढ्या जंगलात एका छोट्या बदलाचं काय होईल, हे कोण सांगणार?

म्हणून जुन्या इंजिनाला नव्याशी लढवायचं. एक डाव जिंकला म्हणून नाचायचं नाही हं. नाणं दहादा उडवलं तर सात वेळा छापा पडू शकतो, म्हणून काही ते नाणं खोटं ठरत नाही. बदल बारीक असेल तर हजारो डाव लागतात. शिवाय प्रत्येक सुरुवात दोनदा खेळवतात, बाजू बदलून, म्हणजे एकालाच सोपा डाव मिळाला अशी तक्रार नको.

स्टॉकफिश हे जगातलं एक अतिशय बलाढ्य इंजिन असंच घडलंय. २०१३ पासून त्याच्या चाचण्यांसाठी जगभरचे स्वयंसेवक आपापले संगणक वापरायला देतात. एकेका बदलासाठी हजारो, कधी लाखावर डाव होतात, आणि बहुतेक कल्पना नापास होतात! मला हे फार आवडतं. कल्पना कुणा तज्ज्ञाची असो की नवशिक्याची, निकाल डावच देतात.

२०१८ मध्ये हौशी मंडळींनी लीला नावाचं इंजिन सुरू केलं. तिला बुद्धिबळाचे नियम तेवढे दिले, डावपेच एकही शिकवला नाही. स्वयंसेवकांच्या संगणकांवर ती स्वतःशीच लाखो डाव खेळली आणि त्यातूनच शिकली. २०१९ मध्ये इंजिनांच्या एका नामवंत स्पर्धेच्या शंभर डावांच्या अंतिम सामन्यात तिने चक्क स्टॉकफिशला हरवलं! पण स्टॉकफिशवालेही गप्प बसले नाहीत. जपानी बुद्धिबळाच्या, म्हणजे शोगीच्या, प्रोग्राममधली एक युक्ती घेऊन त्यांनी २०२० मध्ये आपलं इंजिन आणखी तगडं केलं.

अशा सामन्यांची हौस इंटरनेटच्याही आधीची आहे बरं का. १९६६ मध्ये एक अमेरिकी आणि एक सोव्हिएत प्रोग्राम तारेने खेळ्या कळवत चार डाव खेळले. सामना चालला तब्बल नऊ महिने! दोन डाव सोव्हिएत प्रोग्रामने जिंकले, दोन बरोबरीत सुटले.

तुम्हालाही करून बघायचंय? शाळेत प्रोग्रामिंग शिकत असाल तर पहिलं इंजिन अगदी साधं ठेवा: नियमात बसणाऱ्या खेळ्यांतून कुठलीही एक उचलायची, बस्स. दुसऱ्याला एकच जादा गोष्ट शिकवा, मोहरं मारता येत असेल तर मारायचं. दोघांना शंभर डाव खेळू द्या आणि निकाल वहीत मांडा. मग तिसरं इंजिन लिहा. ते मारण्याआधी बघेल, आपलं मोहरं उलट मारलं जाणार नाही ना? आणि त्याला दुसऱ्याशी भिडवा.