सागरांतील गोंवर

घरांत एका मुलास गोंवर निघाला म्हणजे बाकीच्या मुलांस दूर ठेवण्याकरितां आजीबाईंची उडणारी धांदल वडील मंडळींस आठवत असेल. भरल्या घरांत रोग पसरावयास वेळ लागत नाहीं. हीच आपत्ति समुद्रांतील प्राण्यांवरहि कोसळते, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसेल.

१९८८ सालच्या एप्रिल महिन्यांत डेन्मार्कच्या आन्होल्ट बेटावर सील माद्यांचीं अपुऱ्या दिवसांचीं पिलें मेलेलीं आढळूं लागलीं. सील हा फुप्फुसांनीं श्वास घेणारा व पिलांस दूध पाजणारा प्राणी होय. थोड्याच दिवसांत मोठे सीलहि नाकाडोळ्यांतून पाणी गाळीत व धापा टाकीत मरूं लागले. हे प्राणी विसाव्यासाठीं किनाऱ्यावर दाटीनें पडून राहतात. त्यामुळें एकाचा श्वास दुसऱ्यास बाधला. सांथ ब्रिटनपर्यंत पोंचली आणि सुमारें १८,००० सील दगावले.

प्रथम शास्त्रज्ञांचा संशय कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगावर गेला. शोधाअंतीं विषाणु निराळा, परंतु त्याच कुळांतला ठरला. माणसांचा गोंवर आणि गुरांची बुळकांडी हीं त्याच कुळांतलीं भावंडें होत!

२००२ सालीं सांथ पुन्हां उद्भवली, आणि तीहि आन्होल्टवरच. या खेपेस २०,००० हून अधिक सील मेले. असें कां व्हावें? पहिल्या सांथींतून बचावलेल्यांच्या अंगीं प्रतिकारशक्ति होती; परंतु मधल्या चौदा वर्षांत जन्मलेल्या पिढीस या रोगाची ओळखहि नव्हती. तिच्यापाशीं कवच कोठून असणार?

यांत माणसाचा दोष कांहींच नाहीं काय? रोग विषाणूचाच, हें खरें. तथापि हॉलंडमधील संशोधकांनीं कांहीं सीलांस दूषित बाल्टिक समुद्रांतील मासे व कांहींस स्वच्छ समुद्रांतील मासे खाऊं घातले, तेव्हां पहिल्यांची प्रतिकारशक्ति क्षीण झालेली दिसली. कारखान्यांचीं विषें अशीं माशांवाटे त्यांच्या देहांत उतरतात.

बुळकांडीचें लसीच्या बळावर जगांतून उच्चाटन झाल्याचें २०११ सालीं जाहीर झालें. हवाई बेटांवरील दुर्मिळ मंक सीलांसहि आतां डिस्टेंपरविरोधी लस टोंचण्यांत येते. परंतु साऱ्या सागरांतील प्राण्यांस सुई टोंचणें शक्य नाहीं. त्यांचें घर निर्मळ राखणें मात्र आपल्या हातीं आहे, आणि शेजारधर्म तरी याहून निराळा काय सांगतो?