संदर्भ : ज्ञानाचा पत्ता

(बी. ए. द्वितीय वर्ष)

संशोधनपर लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक यादी छापलेली असते. परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नाही, म्हणून आपण विद्यार्थी ती सहसा वाचीत नाही. मीही वाचीत नव्हतो. गेल्या वर्षी त्या यादीनेच मला चांगला धडा शिकविला. तो आपल्या विद्यार्थी मित्रांनाही उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

आमच्या भूगोलाच्या सरांनी परिसरातील जुन्या मालगुजारी तलावांवर एक लेख तयार केला आणि तो एका वैज्ञानिक नियतकालिकाकडे पाठविला. तलावाच्या पाळी मोजणे, गावकऱ्यांना माहिती विचारणे आणि शेवटी संदर्भांची यादी उतरवून काढणे ही कामे माझ्याकडे होती. दोन महिन्यांनी हस्तलिखित परत आले. आमच्या निरीक्षणांविषयी संपादकांची फारशी तक्रार नव्हती. यादीविषयी मात्र अकरा प्रश्न होते आणि त्यांतले बहुतेक माझ्या हातून झालेल्या चुकांचे होते.

त्यांतील एकच चूक सांगतो. मी लिहिले होते, ‘भंडारा गॅझेटिअर’ आणि पुढे पृष्ठांक. संपादकांनी विचारले, ‘कोणते?’ आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वी तो भंडारा जिल्ह्याचा भाग होता, हे आपण जाणतोच. परंतु भंडाऱ्याचे गॅझेटिअर एक नाही. एक इंग्रजी राजवटीत १९०८ साली निघाले, तर दुसरे महाराष्ट्र शासनाने १९७९ साली प्रसिद्ध केले. मधल्या काळात, १९५१ साली, मालगुजारी संपली आणि तलावांची मालकी व व्यवस्था बदलली. मी एक वाक्य या ग्रंथातून व दुसरे त्या ग्रंथातून घेतले होते आणि दोघांना एकच नाव दिले होते. साल न लिहिल्यामुळे एकाहत्तर वर्षांचे अंतर माझ्या वहीत पुसले गेले होते!

तेव्हा मला उमगले की, संदर्भ हा शोभेचा भाग नसून तो पत्ता आहे. पाकिटावर नुसते ‘पाटील, गोंदिया’ असे लिहिले तर पत्र पोचेल काय? संदर्भाचेही तसेच आहे. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, काय लिहिले आणि ते कोठे मिळेल, या चार प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळाली पाहिजेत. ग्रंथ असेल तर लेखक, वर्ष, ग्रंथनाम, आवृत्ती किंवा खंड, प्रकाशनस्थळ व प्रकाशक द्यावेत. नियतकालिकातील लेख असेल तर लेखक, वर्ष, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव, खंड, अंक आणि पहिले व शेवटचे पृष्ठ द्यावे.

उदाहरणार्थ, तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाची माहिती ज्यात आहे, तो ग्रंथ असा लिहिता येईल : रसेल, आर. व्ही. आणि हिरालाल (१९१६), द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया, खंड ३, लंडन : मॅकमिलन. हा ग्रंथ चार खंडांचा आहे, म्हणून खंडाचा अंक गाळून चालत नाही. रायबहादुर हिरालाल यांचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर साहाय्यक म्हणून छापलेले आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी नुसते ‘रसेल, १९१६’ असे आढळते. माझ्याही यादीत तसेच होते. आळसाने एक नाव गळते आणि एका माणसाचे श्रम गळतात.

मजकुरात संदर्भ देण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत कंसात आडनाव व वर्ष देतात आणि शेवटची यादी आडनावांच्या अक्षरानुक्रमे लावतात. हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली गोगलगायींवरील आपल्या निबंधात ही पद्धत वापरली आणि तिला पुढे हार्वर्डचे नाव मिळाले. दुसऱ्या पद्धतीत मजकुरात नुसता क्रमांक टाकतात आणि यादीही त्याच क्रमाने देतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमून तिचे नियम एकसारखे केले. बंगळूरचे १९३२ पासून निघणारे ‘करंट सायन्स’ क्रमांकाची पद्धत वापरत आले आहे. पहिल्या पद्धतीत मध्येच नवा संदर्भ घालणे सोपे जाते, तर दुसरीत जागा वाचते. यांतली एक बरोबर व दुसरी चूक असे नाही. ज्या नियतकालिकाकडे लेख पाठवायचा, त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना व ताजा अंक समोर ठेवावा आणि स्वल्पविरामापर्यंत त्याचेच अनुकरण करावे.

आपल्याकडे नावांचा घोळ विशेष होतो. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचे नाव यादीत ‘काणे, पां. वा.’ असे येईल. कोणी ‘पांडुरंग’ हेच आडनाव समजून यादीत ‘प’खाली लावले, तर शोधणाऱ्यास काणे सापडणारच नाहीत.

हस्तलिखित पाठविण्यापूर्वी पेन्सिल घेऊन बसावे. मजकुरातील प्रत्येक नाव यादीत आहे काय आणि यादीतील प्रत्येक नाव मजकुरात आहे काय, यावर खुणा कराव्यात. आमच्या यादीत तीन नावे अशी निघाली की, त्यांचा लेखात कोठेच उल्लेख नव्हता. दुसरे पथ्य असे की, जे स्वतः वाचले तेच संदर्भ म्हणून द्यावे. दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेला उतारा असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. हल्ली संगणकावर झोटेरोसारख्या मोफत साधनाने यादी क्षणात तयार होते. परंतु आत चुकीचे साल भरले तर बाहेरही चुकीचेच साल येते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर कधी कधी अस्तित्वातच नसलेला लेख खऱ्यासारखा सांगतात. म्हणून मूळ पान डोळ्यांनी पाहण्यास पर्याय नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. त्यांत त्यांनी मूळ कागदच छापून वाचकांपुढे ठेवले, ते कोणालाही पडताळा घेता यावा म्हणूनच.

आता शेवटची गोष्ट. सुधारलेली यादी घेऊन मी घरी बसलो होतो. माझे वडील शाळेत गेलेले नाहीत. आमच्या तलावाचे पाणी कोणत्या पाटाने कोणत्या बांधीत केव्हा सोडायचे, हे मात्र त्यांना तोंडपाठ आहे आणि आमच्या लेखाचे एक पूर्ण पान त्यांनीच सांगितलेल्या माहितीवर उभे आहे. त्यांनी कागदाकडे पाहून विचारले, “हे काय लिवलं?” मी म्हणालो, “बाबा, कोणती गोष्ट कोणाकडून घेतली, त्याची यादी आहे.” ते थोडे थांबून म्हणाले, “मंग त्यात आपल्या गावचं कोनी आहे का?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. इंग्रज अधिकाऱ्याचे नाव मी खंडासह लिहिले होते. ज्यांच्याबरोबर पाळीवरून चाललो, त्यांचे नाव कोठेच नव्हते. ‘स्थानिक लोकांच्या मते’ एवढ्या तीन शब्दांत सारे गाव गुंडाळले होते.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारले. ते म्हणाले की, तोंडी माहितीचाही संदर्भ देता येतो. सांगणाऱ्याची संमती घेऊन त्याचे नाव, गाव व भेटीची तारीख द्यावी. पुष्कळ नियतकालिके ही नोंद यादीत न घेता मजकुरातच कंसात घेतात. आम्ही तसे केले आणि हस्तलिखित पुन्हा पाठविले. त्यात पाच गावकऱ्यांची नावे आहेत. वडिलांचे नाव चौथे आहे. मी ते त्यांना वाचून दाखविले, तेव्हा त्यांनी तारीख बरोबर आहे ना, एवढेच विचारले.