नऊचे आठ झाले, त्याची गोष्ट

मित्रांनो, आज घरी एक गंमत करून बघा. आई-बाबांना विचारा, ‘‘सूर्यमालेत ग्रह किती?’’ पटकन उत्तर येईल, ‘‘नऊ!’’ तुमच्या पुस्तकात तर आठच आहेत. मग काय, आई-बाबा शाळेत चुकीचं शिकले? छे! त्यांच्या वेळी तेच उत्तर बरोबर होतं.

तो नववा ग्रह म्हणजे प्लुटो. १९३० साली अमेरिकेतल्या क्लाइड टॉमबॉ या तरुणाने तो शोधला. कसा? आकाशाच्या एकाच भागाचे त्याने सहा दिवसांच्या अंतराने दोन फोटो काढले आणि ते आलटूनपालटून पाहिले. बाकी सारे ठिपके जागच्या जागी, पण एक इवलासा ठिपका मात्र सरकलेला! तारे आपापली जागा धरून असतात, ग्रह त्यांच्यामधून सरकतात, हे माणसाला हजारो वर्षांपासून माहीत होतं. टॉमबॉने तेच वापरलं.

पुढे २००५ साली माइक ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एरिस सापडला. आता मदतीला संगणक होता, पण युक्ती तीच! कोणता ठिपका सरकला?

एरिस जवळजवळ प्लुटोएवढाच. मग त्याला दहावा ग्रह म्हणायचं? उद्या असे आणखी सापडले तर? शेवटी ऑगस्ट २००६ मध्ये प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांनी ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लुटो ‘बटुग्रह’ झाला. बिचारा प्लुटो आहे तिथेच फिरतोय. बदललं ते आपलं उत्तर!

शनीच्या चंद्रांचंही तेच. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नवे चंद्र मान्य झाले आणि त्यांची संख्या २७४ वर गेली. आकडा पाठ केलेल्यांची झाली ना पंचाईत?

परीक्षेसाठी आकडे जरूर पाठ करा. पण प्रत्येक वेळी एक प्रश्नही विचारा, ‘‘हे कसं कळलं?’’ आकडा शिळा होतो, पण तो शोधण्याची रीत पुढच्या शोधालाही उपयोगी पडते.

बघायचंय करून? मोठ्यांच्या मदतीने आकाशात गुरू किंवा मंगळ ओळखा. आजूबाजूच्या ताऱ्यांसकट वहीत चित्र काढा, तारीख घाला. दर आठवड्याला एक, असं दोन महिने करा. मग सगळी चित्रं शेजारी शेजारी ठेवा. कोण सरकलं ते तुम्हीच सांगाल. आणि हो, आई-बाबांनाही गच्चीवर न्यायला विसरू नका!