काटा खाली आला तेव्हा

मे महिन्यातली लग्ने आणि उकळलेल्या गाड्या यांचे नाते आमच्या पिढीला वेगळे सांगावे लागत नाही. कात्रजच्या जुन्या बोगद्याअलीकडे, खंबाटकीच्या वळणांवर किंवा बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाच्या आसपास बॉनेट उघडून उभी असलेली फियाट किंवा अ‍ॅम्बॅसिडर, तिच्यातून भसाभस निघणारी वाफ आणि बाजूच्या दगडांवर डबे उघडून बसलेली मंडळी हे दृश्य घाटाचाच एक भाग होते. डिकीत पाण्याचा कॅन न ठेवता गाडी घाटात घालणारा माणूस बेजबाबदार समजला जाई. १९९४ सालच्या मे महिन्यात तो बेजबाबदार माणूस मी होतो.

थोरल्या बहिणीच्या मुलीचे लग्न वाईला होते. मुहूर्त बारा वाजून पस्तीस मिनिटांचा. मी नवरीचा एकुलता एक सख्खा मामा. गौरीहरापाशी बसलेल्या भाचीला हाताला धरून अंतरपाटासमोर आणायचे आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहायचे, हे माझे काम. पण आदल्या दिवशी शाखेत इन्स्पेक्शन लागलेले, त्यामुळे बायको-मुले पुढे गेली आणि मी लग्नादिवशीच सकाळी निघणार असे ठरले. अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्यासाठी मागे थांबले. मला एकट्याला गाडी आणू देण्याचा त्यांना धीर झाला नसावा.

गाडी म्हणजे सहा महिन्यांपूर्वी बँकेचे कर्ज काढून घेतलेली सेकंडहँड प्रीमिअर पद्मिनी. त्याआधीची बारा वर्षे माझी बजाज स्कूटरवर गेली होती. स्कूटरचे इंजिन वाऱ्यावर थंड होते. तिला पाणी नाही, रेडिएटर नाही. पेट्रोल भरायचे, तिरकी करून किक मारायची, की झाले! १९४६ पासून ज्या गावाच्या खडकीत किर्लोस्करांची ऑइल इंजिने बनत आली आणि ज्याच्या वेताळ टेकडीवर देशभरातल्या गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था उभी आहे, त्या गावात उभा जन्म काढून इंजिनाला पाणी कशाला लागते हे मला ठाऊक नव्हते. ते नाना पेठेतल्या एका मिस्त्रींनी मला शिकवले. अर्थात नंतर, आणि सगळ्या खर्चासकट.

अण्णांचे आयुष्य मात्र पाण्यावर नजर ठेवण्यात गेले होते. ते रेल्वेत वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. बॉयलरच्या काचेच्या नळीत पाणी किती दिसते, हे पाहिल्याशिवाय तिथे माणूस फावड्याला हात लावत नाही. ते सांगत, बॉयलरच्या आत अगदी आगीच्या माथ्यावर शिशाने बंद केलेला एक बूच असतो. पाणी फार खाली गेले की शिसे वितळते, वाफ आगीवर सुटते, आग मंदावते आणि ड्रायव्हरची अब्रू गेली तरी बॉयलर वाचतो.

शिरवळला ते म्हणाले, “चहा घेऊ. तेवढ्यात पाणी बघून घे.”

“वाईला पोचल्यावर बघू अण्णा, साडेदहा वाजून गेलेत,” मी म्हणालो.

खंबाटकीला तेव्हा बोगदा नव्हता. जाणारी आणि येणारी सगळी वाहतूक एकाच घाटातून. आमच्यापुढे उसाची मळी नेणारा एक टँकर रांगत होता. मी दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर, पुन्हा दुसऱ्यावर. टेम्परेचरचा काटा मधली रेघ सोडून वर सरकू लागला. अण्णांनी तो माझ्याआधी पाहिला. “थांबव,” ते म्हणाले. मी म्हटले, दोनच वळणे राहिलीत. काटा लाल पट्ट्यात शिरला. अण्णा पुन्हा म्हणाले, “अरे, थांबव बाबा.” मी घड्याळ पाहिले. आणि त्याच वेळी काटा खाली येऊ लागला.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! “बघा,” मी अण्णांना म्हणालो, “सावरली की नाही गाडी?” ते काही बोलले नाहीत.

काटा खाली का आला, हे मला आठवड्याने कळले. रेडिएटरचा खालचा होज पाइप क्लिपपाशी चिरला होता आणि पाणी सबंध वाटभर ठिबकत होते. काट्याला बातमी देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, आणि तो त्याच्याभोवती जे असेल त्याचे तापमान सांगतो. पाणी संपले, सेन्सर उघडा पडला, की तो बिचारा इंजिनाबद्दल काहीच सांगू शकत नाही. काटा उतरला तो गाडी थंड झाली म्हणून नव्हे, तर सांगणाराच कोरडा पडला म्हणून. पुढे बँकेत कर्जवसुलीचे काम करताना मला हा काटा वारंवार आठवे. हप्ता चुकला म्हणून विनवण्या करणारा, मुदत मागणारा कर्जदार परवडतो. ज्याचे फोन एकाएकी बंद होतात त्याच्या गोदामाला आधी जाऊन यावे.

पुढचे दीड वळण. बॉनेटखालून खडखडाट, मग करपल्याचा वास, ताकद गेलेले अ‍ॅक्सिलरेटर आणि एक हिसका. इंजिन जागच्या जागी आवळले. मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने उतरून बॉनेट उघडले. मी त्याच्याकडे पाणी मागितले, तर म्हणाला, “आता पाणी ओतू नका साहेब, हेड तडकेल.” भोवती जमलेल्यांपैकी एकाने रेडिएटरमध्ये हळद टाकायचा सल्ला दिला. बारीक गळती हळदीने बंद होते, हे तेव्हाच्या ड्रायव्हर मंडळींचे आजीबाईचे औषध. आमचे प्रकरण हळदीच्या पलीकडे गेले होते.

मिस्त्रींनी इंजिन उघडून दाखवले तेव्हा मी खाली बसून पाहिले. पेट्रोल जळते तेव्हा सिलिंडरच्या आत दोन हजार अंशांच्या वर उष्णता होते. तिचा जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. बाकीचा काही सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला धातूत शिरतो. तो धातूतून उचलून रेडिएटरवर नेऊन टाकणे, एवढ्यासाठी पाणी. नाहीतर काय होते? ब्लॉक बिडाचा, वरचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे. अ‍ॅल्युमिनियम तापले की बिडाच्या दुप्पट प्रसरते, पण ते बोल्टांनी जखडलेले. जाणार कुठे? ते वाकते. मिस्त्रींनी माझ्या गाडीच्या हेडवर पोलादी पट्टी उभी धरली आणि पलीकडून बल्ब लावला. पट्टीखालून उजेडाची एक रेघ आली. एवढीशी फट, पण तिथली गॅस्केट जळाली होती. इकडे तेल पातळ होऊन सिलिंडरवर टिकले नव्हते आणि फुगलेल्या पिस्टननी भिंतीवर उभे ओरखडे काढले होते. नखाला लागत होते ते. “काटा वर असताना थांबला असता,” मिस्त्री म्हणाले, “तर पाइपाचे पैसे लागले असते. फार तर गॅस्केटचे.” सिलिंडर बोअर करणे, नवे पिस्टन, हेडचे फेसिंग आणि टोइंग मिळून जे बिल झाले ते माझ्या जवळजवळ दोन पगारांइतके होते.

पण ते नंतर. त्या दिवशी आम्ही गाडी तिथेच सोडून रस्त्यावर उभे राहिलो. स्वारगेट-वाई एस.टी. मिळाली, त्यातही अण्णांना इंजिनाजवळच्या झाकणावर बसायला जागा. वाईला पोचलो तेव्हा सव्वा वाजून गेला होता. अक्षता केव्हाच पडल्या होत्या आणि पहिली पंगत बसली होती. भाचीला एका चुलतमामाने आणले होते. ताई मला काही बोलली नाही. “अण्णांना उन्हातून आणलंस, आधी पाणी दे त्यांना,” एवढेच म्हणाली. अण्णांनीही कुणाला काही सांगितले नाही. कुणी विचारले तर म्हणत, “गाडी गरम झाली हो, घाटात होतेच.” त्या लग्नाच्या अल्बममध्ये अंतरपाटाचे चार फोटो आहेत. चारही फोटोंत चुलतमामा फार चांगला दिसतो.

पद्मिनी २००० च्या सुमारास बनायची थांबली आणि २००२ मध्ये मुंबईचा एक्सप्रेस-वे पूर्ण खुला झाला. नव्या गाड्यांत पंखा विजेवर फिरतो, पाण्याऐवजी कूलंट असते आणि दाबाच्या झाकणामुळे ते एकशेवीस अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून झाकण गरम असताना उघडू नये. दाब सुटला की आतले सगळे क्षणात उसळून तोंडावर येते. आणि तरीही जोडून सुट्ट्या आल्या की बोरघाटात एसी चालू ठेवून, पावला-पावलाने चढणाऱ्या गाड्या बॉनेट उघडून कडेला लागतात. लहान गाड्यांत तर हल्ली पुष्कळदा काटाच नसतो. गाडी थंड असली की निळा दिवा आणि प्रमाणाबाहेर तापली की लाल. मधले काही नाही.

गेल्या हिवाळ्यात मुंबईहून परतताना आमच्या सूनबाईंच्या गाडीत तो लाल दिवा लागला. खोपोली मागे टाकून आम्ही चढाला लागलो होतो. तिने एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला आणि डावीकडे जागा मिळताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. हीटर कशाला, म्हणून मी विचारले. म्हणाली, “बाबा, हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच असतो. इंजिनाची तेवढी गरमी आपण खायची.” मला आयुष्यात कुणी हे सांगितले नव्हते.

आम्ही सगळे उतरून कठड्याच्या आत उभे राहिलो. नातू दर पाच मिनिटांनी झाकणाकडे बघून “आता?” म्हणून विचारत होता. पाऊण तासाने फडके धरून तिने ते हळूच सैल केले. टाकी रिकामी होती. पंप गळत होता, असे पुण्यात कळले. आम्ही पाण्याच्या तीन बाटल्या ओतल्या आणि संध्याकाळी सातच्या नाटकाची तिकिटे माझ्या खिशात होती ती तशीच राहिली.