विष धरून ठेवणारी माती

दिल्लीच्या करोल बागेत बीडनपुऱ्याच्या गल्ल्यांतून हिंडताना मराठी कानावर पडते, आणि तीही विटा-आटपाडीकडची. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी तालुक्यांतली माणसे दुष्काळाने बाहेर पडली, गलाईच्या धंद्यात शिरली आणि देशभरच्या सराफ बाजारांत जाऊन बसली. सोने वितळवायचे, हीण काढायचे, लगड सराफाच्या हाती द्यायची. आता गावाकडे टेंभू योजनेचे पाणी आले आहे. पळशीकडे द्राक्ष आणि आटपाडीकडे डाळिंब ही या भागाची नवी ओळख आहे, आणि बाग म्हटली की फवारणी आलीच.

याच करोल बागेतून निघणारा पुसा रोड भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे जातो. बिहारमधल्या पुसा गावी १९०५ मध्ये सुरू झालेली ही संस्था १९३४ च्या भूकंपात पडली आणि १९३६ मध्ये दिल्लीला आली. कीडनाशकांच्या अवशेषांवरच्या अखिल भारतीय प्रकल्पाचे मुख्य ठाणे इथेच आहे. १९६२ मध्ये दिल्लीवर टोळधाड आली, तेव्हा निंबोळीचा अर्क फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत हेही इथल्याच शास्त्रज्ञांनी दाखवले.

संस्थेचा जुना वारसा मात्र कंपोस्टचा आहे. बिहारच्या पुसाला काम केलेले अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इंदूरला गेले. तिथे पिकांचा पालापाचोळा, शेण, मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन खत कुजवण्याची पद्धत त्यांनी बसवली. खड्डे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद. तीनदा खालीवर करायचे, तीन महिन्यांत खत तयार. या पद्धतीवरच्या १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जगभर गाजले. वाड यांचे नाव मात्र आपल्याकडेही फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

हॉवर्ड-वाडांना खत हवे होते ते जमिनीचा कस वाढवायला. कीडनाशकांचा पूर पुढे आला. पण त्यांच्या खड्ड्यातून निघणारा ह्यूमस, म्हणजे कुजून मुरलेला सेंद्रिय पदार्थ, हे विष अडवण्याच्या नव्या कामालाही येतो. गलाईवाला सोन्यातले हीण वेगळे काढतो. ह्यूमस विष वेगळे काढत नाही, धरून ठेवतो. औषधाचे रेणू त्याला चिकटले की पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीकडे निघणारा त्यांचा वाटा घटतो. दरम्यान त्याच सेंद्रिय पदार्थावर पोसलेले जिवाणू आणि बुरशी त्यांची मोडतोड करतात.

हिशेब करून पाहू. द्राक्षात, कापसात सर्रास वापरल्या जाणाऱ्या इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा सेंद्रिय कार्बनला चिकटण्याचा गुणांक अदमासे २०० धरू. जमिनीगणिक तो बदलतो. सेंद्रिय कार्बन ०.४ टक्के असलेली एक किलो माती लिटरभर पाण्यात कालवली, तर ५६ टक्के औषध पाण्यात राहते. कार्बन १ टक्का असेल तर ३३ टक्के. काळ्या रानातली चिकणमातीही काही धरते, ती इथे सोडून दिली आहे.

आता दुसरी बाजू. एकरभर रानाच्या वरच्या सहा इंच मातीचे वजन साधारण आठ लाख किलो. कार्बन ०.४ वरून १ टक्क्यावर न्यायचा म्हणजे ४,८०० किलो कार्बन मातीत टिकवायचा. ओल्या शेणखतात कार्बन जेमतेम सातवा हिस्सा धरला तर एकरी तेहेतीस टनांच्या वर झाले, आणि त्यातलाही बराचसा कुजून हवेत जातो. एका हंगामात हे होत नाही. पाचट पेटवणे थांबवून ते रानातच कुजवणे, हिरवळीची पिके गाडणे, हे वर्षानुवर्षे करायचे काम आहे.

शिवाय खत म्हणजे रामबाण नव्हे. घट्ट चिकटलेले औषध जिवाणूंच्याही हाती उशिरा लागते. तणनाशक मातीने धरले की तण मरत नाही, मग शेतकरी मात्रा वाढवतो. २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात कंपोस्टमधूनच क्लोपिरॅलिड हे तणनाशक बागांत पोचले आणि टोमॅटोची रोपे वेडीवाकडी झाली. शहरी कचऱ्याच्या खतात शिसे असू शकते. सरकारी मानकात त्याची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. अहवाल पाहिल्याशिवाय असले खत रानात टाकू नये.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अवशेषांमुळे युरोपने भारतीय द्राक्षे अडवली आणि बागायतदार हबकले. तेव्हापासून फळाच्या नमुन्याची काळजी वाढली. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा त्यासाठी आहेच. पण निर्यातीसाठी नमुना घडाचा जातो, विहिरीकाठच्या मातीचा नाही. औषध कालवले जाते ते बहुधा तिथेच. ब्लोअरची टाकी भरताना सांडते, बाटली खळबळताना ओघळते, फवारा संपल्यावर टाकीचे धुवण तिथेच ओतले जाते. रानात ग्रॅमांनी विखुरणारे औषध इथे हातभर जागेत जाडसर उतरते.

स्वीडनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमक्या या जागेवर उपाय निघाला. खड्डा, तळाला चिकणमाती, वर निम्मा चिरलेला पेंढा, पाव भाग पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला), पाव भाग माती, सगळ्यात वर गवत. टाकी या खड्ड्यावर भरायची आणि धुवायची. पेंढ्यातले लिग्निन खाणारी पांढरी बुरशी आपल्या विकरांनी औषधाचे रेणूही फोडते. आपल्याकडे पीट नाही; कंपोस्ट, पाचट, बगॅस मुबलक आहे. पावसाळ्यात वर पत्रा हवा, नाहीतर सगळेच वाहून जाईल. उन्हाळ्यात ओल राखावी लागेल, आणि पेंढा बसला की भर घालावी लागेल. एकरी तेहेतीस टनांपुढे हे किरकोळ आहे. पहिला पैसा इथे घालावा असे माझे मत आहे.

बागेचा मालक पुष्कळदा परगावी गलाईच्या दुकानात असतो आणि औषध कालवते दुसरेच कोणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांबरोबर शेतमजूरही दगावले. तेव्हा खड्डा कुठे खणायचा हे फोनवर ठरवण्याआधी टाकी भरणाऱ्याला विचारावे. पाण्याचा पाइप कुठवर पोचतो आणि धुवण कुठे ओतले जाते, हे त्यालाच ठाऊक असते.