आजीची काचेची वाटी ‘व्हिक्टोरियन’ आहे का? मोबाईलनेच तपासा

ऑनलाइन ‘व्हिक्टोरियन ग्लास’ असं लिहिलं की साध्या वाटीचाही भाव चढतो. आणि आपल्या नांदेड-लातूरकडे खरोखर जुनी वाटी दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जाते. दोन्हीकडे नुकसान आपलंच. म्हणून घेण्या-विकण्याआधी काय बघायचं, ते मी आज सांगतो.

प्रेस्ड ग्लास म्हणजे काय?

वितळलेली काच लोखंडी साच्यात टाकायची आणि वरून दट्ट्या दाबायचा. बाहेर नक्षी उठते, आतली बाजू गुळगुळीत राहते. १८२० च्या दशकात अमेरिकेत हे तंत्र पुढे आलं. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि महागड्या कट ग्लाससारखी दिसणारी भांडी साध्या घरांत पोचली.

कसं ओळखायचं?

१. बोट फिरवा. नक्षीच्या कडा धारदार लागल्या तर बहुतेक कट ग्लास. बोथट लागल्या तर प्रेस्ड.

२. टॉर्च तिरपा धरा. साच्याच्या जोडाची बारीक रेघ दिसेल.

३. मॅक्रो मोडमध्ये तळाचा आणि आतला फोटो काढून झूम करा. पतंगासारखी चौकट दिसली तर ती १८४२ ते १८८३ मधली इंग्लंडची डिझाइन-नोंदणीची खूण. वरच्या गोलातला रोमन तीन म्हणजे काच. १८८४ पासून चौकटीऐवजी ‘आरडी’ ही इंग्रजी अक्षरं आणि नंबर येतो. साडेतीन लाखांच्या आतला नंबर १९०० च्या आधीचा. मोराचं डोकं असेल तर तो गेट्सहेडचा सॉवरबी कारखाना.

लक्षात ठेवा, ही तारीख डिझाइनच्या नोंदणीची आहे. वाटी त्यानंतरही बनलेली असू शकते. गूगल लेन्स फक्त सारखे दिसणारे फोटो दाखवतं, त्याला पुरावा समजू नका.

खूण नसेल तर?

लगेच ‘व्हिक्टोरियन’ म्हणू नका. राणीचा काळ १८३७ ते १९०१. आपल्याकडे लोकांच्या एकेक पैशातून उभा राहिलेला तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, तर ‘प्रभाकर’ कंदीलवाला ओगलेवाडीचा १९१६ चा. घरातली जुनी काच अशी स्वदेशीही असू शकते.

शेवटचं काम मोबाईलच्या रेकॉर्डरवर करा. आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. वाटी हैदराबादहून आली, पुण्याहून की लग्नाच्या आहेरात, हे आजीलाच विचारा. काचेवरची खूण उद्याही वाचता येईल, आजीची आठवण मात्र आजच रेकॉर्ड करून ठेवा.