एएस/४००ची जोडणी नव्या सॉफ्टवेअरवर नेताना

आयबीएमने १९८८ साली आणलेला एएस/४०० हा मध्यम आकाराचा व्यावसायिक सर्व्हर पुढे आयसिरीज झाला, सिस्टम आय झाला. २००८ पासून त्याची प्रणाली ‘आयबीएम आय’ या नावाने पॉवर सर्व्हरवर चालते. हिशेब, साठा, बिले सांभाळणारी माणसे मात्र अजून ‘एएस-फोर-हंड्रेड’च म्हणतात. आपल्या टेबलावरचा संगणक त्याच्याशी बोलतो तो मधल्या एका सॉफ्टवेअरमुळे. त्याचे जुने रूप म्हणजे ‘आय ॲक्सेस फॉर विंडोज’, अनेकांच्या तोंडी ‘क्लायंट ॲक्सेस’. ते ७.१ आवृत्तीवर थांबले, विंडोज १० साठी त्याला मान्यता मिळालीच नाही, आणि ३० एप्रिल २०१९ रोजी त्याचा सपोर्ट संपला. त्याच्या जागी ‘ॲक्सेस क्लायंट सोल्युशन्स’, म्हणजे एसीएस आले आहे.

नावे जवळची असली तरी एसीएस हे जुन्यावर चढवायचे अपडेट नाही. ते वेगळ्या पद्धतीने बांधलेले वेगळे सॉफ्टवेअर आहे. म्हणून सुरुवात इन्स्टॉल करण्यापासून न करता नोंदीपासून करावी.

कोणत्या संगणकावर काय वापरले जाते, ते लिहून काढा. ५२५० एम्युलेटर, म्हणजे सर्व्हरचा हिरव्या अक्षरांचा पडदा दाखवणारा प्रोग्राम, सगळ्यांना आठवतो. सर्व्हरवरची माहिती फाइलमध्ये उतरवणारे डेटा ट्रान्सफरही आठवते. विसरले जाते ते ओडीबीसी, म्हणजे एक्सेलसारख्या प्रोग्रामला थेट सर्व्हरवरच्या माहितीपर्यंत नेणारा दुवा. कधीतरी कुणीतरी बनवलेली एक्सेल शीट महिन्यातून एकदाच उघडली जाते आणि तिच्या मागे हाच दुवा असतो. तेव्हा ‘ओडीबीसी वापरता का’ असे विचारू नका, ‘महिनाअखेरीला काय काय चालवता’ असे विचारा.

मग जुन्या फाइल्सच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. सेशनच्या फाइल्स डॉट डब्ल्यूएस या शेपटाच्या असतात, कीबोर्डच्या डॉट केएमपी, ट्रान्सफरच्या डॉट डीटीएफ आणि डॉट डीटीटी. ओडीबीसीच्या प्रत्येक जोडणीच्या सगळ्या टॅबचे स्क्रीनशॉट काढा. हे कंटाळवाणे काम आहे, पण पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडते.

एसीएस जावावर चालते, त्यामुळे आधी जावा ८ किंवा त्यानंतरची आवृत्ती हवी. ओरॅकलच्या जावा ८ चे एप्रिल २०१९ पासूनचे अपडेट व्यावसायिक वापरासाठी फुकट नाहीत. कार्यालयासाठी ओपनजेडीकेवर आधारित मोफत जावा घेणे बरे. ३२ बिटचा लाँचर आणि ६४ बिटचा जावा अशी गल्लत झाली तर एसीएस उघडतच नाही.

आता एसीएसमध्ये सर्व्हरचे नाव किंवा पत्ता नोंदवा आणि जोडणी तपासा. इथे हमखास दिसणारी अडचण अशी: हिरवा पडदा उघडतो, पण डेटा ट्रान्सफर अडकते. कारण फायरवॉलमध्ये पडद्याचे २३ हे पोर्ट (पोर्ट म्हणजे सर्व्हरवरचे क्रमांकित दार) उघडे असते आणि बाकीची बंद असतात. ४४९ आणि ८४७० ते ८४७६ हीही लागतात. जोडणी सांकेतिक, म्हणजे टीएलएसची असेल तर पडद्यासाठी ९९२ आणि ८४७० ते ८४७६ ऐवजी ९४७० ते ९४७६.

जुनी सेशन्स एसीएसमध्ये आयात करता येतात. आयात झाल्यावर वर्कस्टेशन आयडी, म्हणजे सर्व्हरला दिसणारे त्या पडद्याचे नाव, जरूर पाहा. एकाच फाइलची प्रत दोन संगणकांवर टाकली की दोघांचे नाव एक होते आणि दुसऱ्याला प्रवेश मिळत नाही. कीबोर्डची तपासणी रोज नोंदी करणाऱ्या व्यक्तीला शेजारी बसवून करा. ‘फील्ड एक्झिट’, म्हणजे रकाना संपवून पुढे जाण्याची क्रिया, कोणत्या कळीवर आहे हे त्यांच्या बोटांना पाठ असते. तीच कळ बदलली तर दिवसभर चुकीच्या नोंदी होतील.

ओडीबीसी मूळ एसीएसमध्ये नसते. त्यासाठी ‘विंडोज ॲप्लिकेशन पॅकेज’ वेगळे टाकावे लागते, आणि ते टाकण्याआधी जुने आय ॲक्सेस काढून संगणक पुन्हा सुरू करावा.

सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. विंडोजमध्ये ओडीबीसीच्या दोन खिडक्या आहेत, ३२ बिटची आणि ६४ बिटची. आपले एक्सेल ज्या बिटचे, त्याच खिडकीत जोडणी बनवायची. फसवणारी गोष्ट म्हणजे ६४ बिटची खिडकी ‘सिस्टम३२’ फोल्डरमध्ये असते आणि ३२ बिटची ‘सिसवाव६४’मध्ये. ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ असा संदेश आला तर ड्रायव्हर बिघडलेला नसतो, खिडकी चुकलेली असते. जोडणीचे नाव अक्षरशः जुनेच ठेवा, म्हणजे एक्सेल शीट तिला ओळखेल. नावांच्या जागी अक्षर-आकड्यांची भेसळ दिसली, तर सीसीएसआयडी (मजकुराच्या अक्षरसंचाचा क्रमांक) ६५५३५ असलेल्या मजकुराचे रूपांतर करण्याचा पर्याय निवडायचा राहिला आहे. तो स्क्रीनशॉटमध्ये सापडेल.

हा बदल ज्या आठवड्यात कराल, त्या आठवड्यात कुणाचाही पासवर्ड बदलू नका. शीटमध्ये साठवलेला जुना पासवर्ड पुन्हापुन्हा पाठवला गेला, तर ठरलेल्या प्रयत्नांनंतर सर्व्हर तो वापरकर्ताच बंद करतो आणि दोष नव्या सॉफ्टवेअरवर जातो.

रात्री आपोआप चालणारी ट्रान्सफर असेल तर तिची बॅच फाइल उघडून पाहा. तिच्यातला ‘आरटीओपीसीबी’ हा आदेश जुन्या सॉफ्टवेअरचा आहे. तो एसीएसच्या आदेशाने बदलावा लागतो, नाहीतर सकाळी कालचीच फाइल हाती येते.

हे सगळे आधी प्रत्येक विभागातल्या एकाच संगणकावर करा आणि त्यावर एक पूर्ण महिनाअखेर पार पडू द्या. तोवर बाकीच्या संगणकांवरचे जुने सॉफ्टवेअर काढू नका, वरिष्ठांनी घाई केली तरी.